उरलेली तीन मिनिटं

दिवा लागला तेव्हा तिच्या तोंडी नवऱ्याचं हृदय होतं. "छातीचा फोटो मीच काढला," ती माइकमध्ये सांगत होती, "डॉक्टरांनी बघितला, म्हणाले, काळजी नको, हृदय अगदी जागच्या जागी आहे. म्हटलं डॉक्टर, तीच तर तक्रार आहे. तीस वर्षं झाली, जागचं हललेलं नाही." हशा आला, चांगला जाड हशा, पुढच्या दोन रांगांतून उठून मागे सरकत गेलेला, आणि तो सरकत जिथे पोचला तिथेच, शेवटच्या रांगेच्या डोक्यावर, कार्यक्रम चालवणाऱ्या होस्टच्या हातातल्या फोनचा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. या हॉलमध्ये विनोद जमायच्या आधी माणूस त्या दिव्याचा अर्थ शिकत असे. प्रत्येकाला पाच मिनिटं, चार झाली की दिवा, दिवा दिसला की आवरतं घ्यायचं. तिला आधी वाटलं, आपलंच चुकलं. आजवर कुठेही काहीही बिनसलं की पहिल्यांदा तिला हेच वाटत आलं होतं. पण यात चुकायला जागा नव्हती. हे पाच मिनिटांचं बोलणं तिने स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून, घड्याळ लावून, चाळीसएक वेळा म्हटलं होतं. नवऱ्याचं हृदय दुसरं मिनिट संपताना यायचं. दुसरंच. म्हणजे दिवा दोन मिनिटं आधी लागला होता, आणि हशा ओसरत आला होता, आणि आता तिने पुढचं वाक्य तरी बोलायला हवं होतं किंवा 'थँक्यू' म्हणून खाली तरी उतरायला हवं होतं.

हॉल म्हणजे खरं तर फोटोफ्रेमा करणाऱ्या एका दुकानाच्या वरचा मजला. रविवारी दुकान बंद, म्हणून दुपारी चार ते सहा हॉल विनोद सांगणाऱ्यांना मोकळा. बेचाळीस खुर्च्या, त्यातल्या दोन मोडक्या, भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या चौकटी, आणि लाकडाच्या भुशाचा वास, जो बोलायला तोंड उघडलं की थेट टाळूला जाऊन बसायचा. दीड वर्षापूर्वी ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा जिन्यातच एकाने विचारलं होतं, "मुलाला न्यायला आलात का काकू?" ती एक्कावन्न वर्षांची होती आणि दवाखान्यात एक्सरे काढायची, त्यामुळे पहिल्याच दिवशी होस्टने तिचं बारसं करून टाकलं, एक्सरे काकू. तिलाही ते आवडलं होतं. तिथली सगळी मुलं पंचविशीतली, मुली तीन-चार, त्याही येऊन जाऊन असलेल्या. दाराशी एक कागद चिकटवलेला, त्यावर नियम. वेळ पाळा. दुसऱ्याचा विनोद उचलू नका. दुसरा बोलत असताना फोन बघू नका. आपलं झालं म्हणून निघून जाऊ नका, शेवटचा माणूस बोलून होईपर्यंत बसा. हा कागद वाचून तिला कुणाला सांगता येणार नाही इतका आनंद झाला होता. कारण त्यावर वय लिहिलेलं नव्हतं, नाव लिहिलेलं नव्हतं, कोण कुणाचा कोण लागतो ते नव्हतं. पाच मिनिटं सगळ्यांना, आणि त्या पाच मिनिटांत कुणी मध्ये बोलायचं नाही. कुणी मध्ये बोलायचं नाही! अशी जागा जगात असते आणि ती फ्रेमांच्या दुकानावर असते, हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तर ती विसाव्या वर्षीच जिना चढली असती. नव्या आलेल्यांना ती स्वतःहून नियम समजावून सांगायची. पोरं हसायची, "काकू म्हणजे आमच्या हेडमास्तर." असू दे, ती म्हणायची, नियम आहे म्हणून तर आपण आहोत.

आणि आता दिव्यामागे, दाराच्या चौकटीत, तिला दादा दिसला. वयाने तिच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, पण दादा त्याला सगळेच म्हणत. आठशे खुर्च्यांचे हॉल भरवणारा माणूस. नवीन काही लिहिलं की ते मोठ्या ठिकाणी न्यायच्या आधी तो असा अधूनमधून, न सांगता, इथे यायचा आणि म्हणून दाखवायचा. तो आला की यादी मोडायची. कुणाचं नाव पुढच्या रविवारवर जायचं, कुणाची पाच मिनिटं तीन व्हायची, आणि ज्याचं गेलं तोही हसून म्हणायचा, "अरे दादासाठी काय!" तो खांद्याने चौकटीला टेकून उभा होता, एक हात खिशात, मनगटावरचं घड्याळ तो बघतही नव्हता. बघत होता होस्ट. होस्टच्या चेहऱ्यावर ती ओळखत होती तशी एक लगबग होती, पाहुणे आल्यावर घरातल्यांना डोळ्यांनी उठवणाऱ्या माणसाची. दिवा आता विझत नव्हता, सलग जळत होता. उतरा काकू. उतरा.

उतरायला काय लागत होतं? दोन पायऱ्या. लोक हसलेले होते, नवऱ्यावरचा विनोद जमला होता, सगळ्यांना वाटलं असतं हाच शेवट. खरं म्हणजे लोकांना तिच्याकडून तेवढंच हवं असायचं, काकू आल्या, काकूंनी काकांवर दोन विनोद केले, टाळ्या. पण ही दोन मिनिटं नुसती पायरी होती. ज्यासाठी ती बांधली ते पुढे होतं, आणि पुढचं तिने अजून कुणालाही सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तिच्या कानशिलावरून घाम ओघळला आणि मानेशी थांबला. माइकचा दांडा ओला लागत होता. तिला नुसतं एवढंच वाटलं, की आत्ता उतरले तर हे पुन्हा माझ्या तोंडी येणार नाही. ते परत आत जाईल आणि आतच राहील, जसं बाकीचं राहिलंय.

"दिवा दिसला मला," ती माइकमध्ये म्हणाली. हॉलमधल्या काहींनी वळून मागे बघितलं. "चुकून लागला असेल. माझी पाच मिनिटं आहेत, दोन झालीत. तीन उरलीत." कुणीतरी हसलं, त्यांना वाटलं हाही विनोदच. ती हसली नाही, आणि मग तेही थांबले. खुर्च्यांमधून एक अवघडलेपणा पसरला, लग्नघरात दोन व्याही चढ्या आवाजात बोलायला लागल्यावर पसरतो तसा. "तर वडील," ती म्हणाली, आणि तेवढ्यात माइक गेला. मध्येच खरखर झाली नाही, काही नाही. तिचा मोठा झालेला आवाज एकदम तिच्या अंगाएवढा लहान झाला. होस्टचा दुसरा हात कोपऱ्यातल्या साउंडच्या खोक्यावर होता.

सव्वीस वर्षं ती काचेमागून बोलत आली होती. शिशाच्या काचेमागे उभं राहायचं आणि पलीकडच्या खोलीत, प्लेटला छाती लावून उभ्या असलेल्या घाबरलेल्या, बहिऱ्या, म्हाताऱ्या, रडक्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा, हे तिचं रोजचं काम. दिवसाला साठ-सत्तर माणसं. तिने माइक स्टँडवर ठेवला, नीट, वायरीला पीळ पडणार नाही असा, आणि पोटातून आवाज काढला. "हनुवटी वर. खांदे पुढे. मोठा श्वास घ्या." हॉलमधले लोक दचकले आणि त्यातल्या कितीतरी जणांनी खरंच श्वास घेतला. "रोखा." आणि तिने सांगायला सुरुवात केली.

आपल्या घरात बोलायचे ते फक्त बाबा, हे तिने सांगितलं. आई बोलायची ती बाबा घरात नसताना. आणि काय बोलायची! वरच्या मजल्यावरच्या बाईंची चाल, दूधवाल्याचा उधारीचा चेहरा, लग्नात रुसलेली आत्या, सगळी माणसं आई स्वयंपाकघरात उभी करायची, शेजारणी पदर तोंडाला लावून खिदळायच्या, आणि जिन्यावर बाबांची चप्पल वाजली की आई वाक्याच्या मध्यावर थांबायची. शब्दाच्या मध्यावर सुद्धा. "आत्याबाईंनी मग ताटच उच" – एवढ्यावर. पुढचं 'ललं' आम्ही मुलांनी मनात म्हणायचं. हॉल हसला. तिला त्या हसण्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता, ती आत मिनिटं मोजत होती, आणि तिला आईच्या हातावरचं पीठ दिसत होतं, थांबलेला हात, बोटांना चिकटलेलं वाळकं पीठ. मग तिने सांगितलं, की ऐंशीव्या वर्षी बाबांना खोकला झाला आणि डॉक्टरांनी त्यांना फोटो काढायला पाठवलं, ते तिच्याच खोलीत. "आणि मी काचेमागून म्हटलं, बोलू नका. हलू नका. श्वास रोखा. आणि मंडळी, माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं." हशा. "आता फोटोला लागतो क्षणाचा तुकडा. बटण माझ्या बोटाखाली. समोर बाबा, गप्प." ती थांबली. "इतके छान गप्प, की मला बटण दाबवेना."

हे तिने घरी म्हणताना हसत म्हटलं होतं. आता म्हणताना तिला त्यांची पाठ दिसली, सुटलेल्या गाउनच्या नाड्यांमधून दिसणारी, पांढरट, खांद्यांची हाडं पंखांसारखी बाहेर आलेली, आणि ती हाडं थरथरायला लागली होती. एक, दोन, तीन. कान लाल झाले होते. सहा. सात. खोकला आत दाबून धरलेला कळत होता. तिला दया आली होती, खोटं कशाला बोला; आणि दयेच्या शेजारी आणखी काहीतरी बसलेलं होतं, ते उठायला तयार नव्हतं. "अकरा सेकंद," ती हॉलला म्हणाली. "मग मी म्हटलं, सोडा. बाबा इतके खोकले, इतके खोकले, आणि विचारलं, झालं? मी म्हटलं, नाही. हललात तुम्ही. पुन्हा."

त्या एका क्षणात हॉल अवाक झाला, आणि मग जे हसू आलं ते नवऱ्याच्या हृदयाला आलं होतं तसं नव्हतं. ते खालून आलं, थोडं लाजत आलं, बायकांचं आधी आलं. तिने वाट पाहिली, नेमकी हवी तेवढी. मग शेवटचं सांगितलं, बाहेर बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिने विचारलं, काय म्हणाले गं ते इतका वेळ? मी म्हटलं, काही नाही, बोलायची परवानगीच नव्हती. "आणि माझी आई, सत्तर वर्षांची, दवाखान्याच्या बाकावर पोट धरून हसली. हसली आणि मधेच थांबली नाही." पाच मिनिटं. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "अजून सांगा की." "वेळ झाली," ती म्हणाली, आणि दोन पायऱ्या उतरली.

होस्टने तिला मागच्या खोलीत गाठलं, काच कापायच्या टेबलापाशी. पोरगा वाईट नव्हता. तो पांढराफटक पडला होता. "काकू, काय केलंत तुम्ही? एटिकेट म्हणून काही असतं."

"तेच पाळलं. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. घड्याळ लावून बघ, वर एक सेकंद घेतलेला नाही."

"दादा आलेत, त्यांना साडेपाचला निघायचंय. दिवा दिसला की उतरायचं, एवढं साधं आहे ना? नव्या पोरांना तुम्हीच शिकवता."

"दिवा वेळ सांगायला असतो बाळा. माणूस बघून लावायला नसतो."

तेवढ्यात दादाच आत आला, स्टेजवर जायच्या आधी पाणी प्यायला. त्याने तिच्याकडे बघून मनापासून मान हलवली. "फार चांगलं होतं. वडिलांचं तर फारच. आणि खरं सांगू का, मी कुठे म्हटलं होतं यांना उतरवा? मी थांबलो असतो." तो खरं बोलत होता. तेच तिच्या मनात खुपलं आणि खुपतच राहिलं. बाबाही कधी कुणाला गप्प म्हणाले नव्हते. त्यांना म्हणावंच लागलं नव्हतं. जिन्यावर चप्पल वाजायची आणि आई स्वतःच थांबायची, वर आम्हाला डोळे वटारून गप्प करायची. मोठ्या माणसांचे हात स्वच्छ असतात. त्यांच्या वतीने दुसरेच कुणीतरी उठतं आणि दिवा लावतं.

"तुम्ही घरी गेलात तरी चालेल आता," होस्ट म्हणाला.

"आपलं झालं म्हणून निघून जायचं नाही," ती म्हणाली. "कागदावर आहे." आणि बाहेर येऊन पहिल्या रांगेत बसली. दादा चांगला होता, हे कबूल करायला तिला जड गेलं नाही. विमानातल्या शेजाऱ्यावरचं त्याचं बोलणं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मध्ये त्याने तिच्यावरही एक मारला, "मी काकूंच्या नंतर येतोय, मला अजून श्वास सोडायची परवानगी मिळालेली नाही," आणि तिला तोही हसवून गेला. दहा मिनिटं म्हणून आलेला दादा बावीस मिनिटं बोलला. दिवा लागला नाही. यादीतली दोन मुलं शेवटी बोललीच नाहीत. एकजण तिच्या शेजारीच बसून आपला कागद चार घड्या, आठ घड्या घालत होता, आणि टाळ्या वाजवत होता. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच वेळी तिच्या मनात बालवाडीची बाई येऊन उभी राहिली.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. होस्टला ताप होता, तो कोपऱ्यात नुसता बसून होता, म्हणून दिवा तिच्या हातात होता. अशी जबाबदारी मिळाली याचा तिला अभिमान वाटला होता. एक नवी बाई बोलायला आली होती, बालवाडीत शिकवणारी, बारीक, आवाज कापत होता, पण हळूहळू रंगात येत होती; आणि दादा आला. होस्टने खुर्चीतूनच मान हलवली, दाखवा. तीन मिनिटंच झाली होती. हे तिला ठाऊक होतं, घड्याळ तिच्याच हातात होतं. तिने दाखवला. ती बाई म्हणत होती, "आणि मी कपाट उघडलं तर आत" – आणि दिवा दिसताच थांबली. गोंधळून इकडेतिकडे बघितलं, सॉरी म्हणाली, माइकच्या स्टँडला पाय लागून अडखळली आणि खाली आली. सॉरी म्हणाली! जाताना जिन्यात तिने विचारलंसुद्धा, "माझा जास्त वेळ झाला का हो?" आणि एक्सरे काकू म्हणाल्या होत्या, "नाही हो, पहिल्यांदा होतं असं. येत राहा." ती पुन्हा आली नाही. आज हॉलमधून निघून बसने घरी येईस्तोवर, आणि आल्यावर नवऱ्याने "कसं झालं?" विचारल्यावर "बरं झालं" म्हणतानाही, तिला आपण केलेल्या पराक्रमाचं काही वाटेना. आज स्वतःची तीन मिनिटं सोडली नाहीत, ठीक. दुसऱ्याची दोन मात्र हसत कापली होती. आईने डोळे वटारावेत तशी.

सोमवारी दुपारी, दोन पेशंटच्या मध्ये, होस्टचा निरोप आला. कालचं विसरून जाऊ. ग्रुपवर दोन ओळी लिहा, चूक झाली, सॉरी, विषय मिटला. आणि काकू, मोठी बातमी: पुढच्या महिन्यात दादांच्या कार्यक्रमाआधी दहा मिनिटं तुम्हाला. त्यांनीच नाव सुचवलंय. ती भिंतीला टेकली. आठशे खुर्च्या. तिने त्या मोजायचा प्रयत्न केला, वीस रांगा, चाळीस-चाळीस, आणि त्या सगळ्या भरून बसलेल्या माणसांनी एकदम श्वास रोखलेला तिला ऐकू आला. हवंय, तिला वाटलं, देवा, किती हवंय मला हे. लाज वाटावी इतकं. दोनच ओळी तर. आयुष्यभर जिने चूक नसताना मनातल्या मनात माफी मागितली, तिला आणखी एक काय जड होती? पुढचा पेशंट आत आला, एक पाय मुरगळलेला शिक्षक. मग हात मोडलेली मुलगी. मग एक आजोबा. प्रत्येक फोटोगणिक तिने ती दोन वाक्यं मनात लिहून पाहिली, आणि प्रत्येक वेळी 'सॉरी' लिहिलं की त्या शब्दाला बालवाडीच्या बाईंचा कापरा आवाज यायचा.

पाच वाजता मशीन बंद करून ती खुर्चीवर बसली आणि ग्रुपवर लिहिलं. सव्वीस जण होते ग्रुपमध्ये. तिने लिहिलं: "काल मला पाच मिनिटं दिली होती, मी पाच मिनिटं बोलले. त्याची माफी मागणार नाही. चार महिन्यांपूर्वी मी बालवाडीत शिकवणाऱ्या एका बाईंना तिसऱ्याच मिनिटाला दिवा दाखवला, कारण दादा आले होते. त्यांची चूक नव्हती, माझी होती. त्याबद्दल माफी मागते. त्यांचा नंबर कुणाकडे असेल तर मला द्या, त्यांना समक्ष सांगायचंय." पाठवलं. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा एकेक करून आल्या. सात मिनिटांनी तिला ग्रुपमधून काढल्याचं स्क्रीनवर आलं, आणि मग एका अनोळखी नंबरवरून, नावगाव न सांगता, नुसता दहा आकड्यांचा एक फोन नंबर आला, आणि त्याखाली 'बालवाडी' एवढंच.

ती तो नंबर उतरवून घेत होती तेवढ्यात होस्टचा फोन आला. "काकू, हे काय लिहून बसलात? मी दादांकडे तुमची दहा मिनिटं पक्की केली होती. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात."

"पाय माझा, धोंडा माझा."

"आता कुठे बोलणार तुम्ही? सांगा ना. दुसरा हॉल आहे का गावात? कोण उभं करणार तुम्हाला?"

तिने नंबर उतरवलेला कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "ते मी बघेन," ती म्हणाली. "तू बोल. तुझं अजून राहिलंय वाटतं. सावकाश बोल, मी मध्ये बोलणार नाही."

तो "काकू" म्हणाला. मग "हे बघा" म्हणाला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. ती फोन कानाला लावून बसून राहिली, खिडकीबाहेर वॉचमन गेटला कडी घालत होता ते बघत, तिला कसलीही घाई नव्हती. शेवटी फोन त्यानेच ठेवला.